गुळाचा खडा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरच्या माळ्यावरची एक पत्र्याची पेटी कित्येक वर्षांनीं खालीं उतरली. तींत लग्नाकार्यांतील आहेरांच्या याद्या निघाल्या, काच तडकलेला एक कंदील निघाला, आणि अगदीं तळाशीं, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे, इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक निघाले. ते आमच्या धाकट्या बंधूंनीं एके काळीं हौसेनें जमविलेले. पुतण्याचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्यानें तो गठ्ठा उचलला आणि माजघराच्या कोपऱ्यांत जो जाऊन बसला तो पानें वाढलीं तरी उठेना.

यावरून घरांत जें व्हावयाचें तें झालें. आमच्या वहिनी म्हणाल्या, "दिवेलागणीच्या वेळेस पोरानं पिस्तुलांचीं चित्रं घेऊन बसायचं, हें काय वळण झालं?" सूनबाईंचें म्हणणें असें पडलें कीं, फोनचा पडदा पाहत बसण्यापेक्षां कागदावरचें चित्र बरें. बंधु गप्प होते. पेटी त्यांची होती. शेवटीं प्रकरण मजकडे आलें. इतरांच्या मुलांनीं काय वाचावें याविषयीं मी या सदरांतून बारा महिने उपदेश करीत असतों. तेव्हां घरच्या मुलाचा निवाडा टाळतां येईना.

निवाडा करण्याची माझी लायकी किती हें मात्र येथेंच सांगून टाकतों. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड मीं भूगोलाच्या पुस्तकांत दडवून वाचले आहेत, व ते सांपडल्यावर छड्याही खाल्ल्या आहेत. त्या वाचनानें आमच्यापैकीं कोणी दरवडेखोर झाला नाहीं. आणि खरें बोलावयाचें तर त्याच वयांत पाठ केलेल्या सुभाषितांनीं आम्ही सज्जनही झालों नाहीं. म्हणून मीं सांगितलें, वाचूं द्या. वहिनींनीं माझ्याकडे असें पाहिलें कीं, पुढचे दोन दिवस चहा थोडा कमी गोड लागला.

तिसऱ्या रात्रीं अंगणांत खाटा टाकल्या होत्या. मुलानें अंधारांत विचारलें, "आबा, विशालनं बहादूरच्या वडिलांना मारलं ना? आणि बहादूर त्याच्याच घरीं वाढला. मग तो कुणाचा मुलगा?"

ज्यांनीं हे अंक पाहिले नसतील त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. इंद्रजाल कॉमिक्स ही टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेची मालिका 1964 मध्यें सुरू झाली व 1990 मध्यें थांबली. प्रारंभीं तींत वेताळ, मँड्रेक असे परदेशी वीरच मराठी बोलत. 1976 च्या डिसेंबरांत आबिद सुरती यांनीं कल्पिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनीं चितारलेला ‘बहादूर’ आला. वेताळ मुखवटा घालून दूरच्या अरण्यांत राहतो. हा भगवा कुडता व जीनची विजार घालून आपल्यासारख्याच गांवांत राहतो आणि गांवकऱ्यांचें नागरिक सुरक्षा दल उभारून दरवडेखोरांशीं लढतो. चंबळच्या खोऱ्यांतील दरवडेखोरांची त्या काळीं देशभर चर्चा होती. त्या मातींतून ही कथा उगवली आहे. परंतु मुलाला खटकली ती त्यांतली मारामारी नव्हे. बहादूर हा स्वतः दरवडेखोराचा मुलगा. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीनें बाप पडला, त्या विशालनेंच त्या पोरक्या मुलाला घरीं नेऊन वाढविलें. मुलाच्या मनांत आधीं सूड होता. पुढें तो ज्याचा सूड घ्यावयाचा त्याच्याच बाजूस उभा राहिला.

मीं उत्तर दिलें नाहीं. तेव्हां त्यानेंच पुढें विचारलें, "आणि उलटं झालं असतं तर? म्हणजे दरवडेखोरांनींच त्याला वाढवलं असतं तर?"

उलटें झालेली कथा आहे. तिचा लेखक आमच्याच जिल्ह्यांत राज्य करून गेला आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं त्या मुलाला घेतलें आणि आम्ही तुळजापुरावरून नळदुर्गास गेलों. उन्हाळा असल्यामुळें बोरी नदींत पाणी नव्हतें, नर-मादी हे दोन्ही धबधबे कोरडे होते, आणि पाणीमहाल नुसता महाल होता. मुलाची निराशा झाली. बुरुजाच्या सांवलींत बसून, घरून आणलेल्या दशम्या खात, मीं त्याला फिलिप मेडोज टेलरची हकीकत सांगितली.

1853 च्या तहानें निजामानें वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि आमच्या बाजूचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यांत दिला. त्या मुलुखावर जो अंमलदार नेमला तो हा टेलर. आतां आपण धाराशिव म्हणतों तो जिल्हा त्या काळीं नळदुर्गाच्या नांवानें ओळखला जाई. 1857 सालीं त्याची बदली बुलढाण्यास होईपर्यंत तो या भागांत होता. येथील जमिनीच्या मोजणीचें काम त्यानें चालविलें. तुळजापूर त्याच्या मनांत असें बसलें कीं, पुढें 1863 मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका त्यानें तुळजापूरच्या एका शास्त्र्याची कन्या केली. गोऱ्या साहेबानें आमच्या घरांतील सोंवळें-ओंवळें लिहावें आणि तें पुष्कळ अंशीं ओळखूं यावें, हें वाचतांना थोडें अवघडल्यासारखें होतें. पण होतें खरें.

हा मनुष्य स्वतःच लहानपणीं परक्याच्या दारीं टाकलेला होता. वडिलांचा व्यापार बसला, आणि 1824 सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, एका व्यापाऱ्याकडे भागीदारी मिळेल या आशेनें त्याला मुंबईस धाडण्यांत आलें. येऊन पाहतो तों त्या व्यापाऱ्याचेंच दुकान बुडण्याच्या बेतांत. तेथून तो निजामाच्या चाकरींत शिरला आणि मराठी, उर्दू, कानडी मुलुखांत जन्म काढून गेला. तरुणपणीं पोलिसाच्या कामावर असतांना वाटेंत नाहींसे होणाऱ्या प्रवाशांचा माग तो काढूं लागला होता. परंतु पलटणींत परत बोलावणें आलें आणि ठगांचा शोध लावल्याचें यश कर्नल स्लीमन यांस गेलें. ही हळहळ त्याला शेवटपर्यंत होती असें त्याच्या आत्मचरित्रावरून दिसतें. त्या हळहळींतूनच 1839 मध्यें ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही तीन भागांची कादंबरी निघाली. इंग्लंडांत ती इतकी वाचली गेली कीं, छापून पुरी होण्याआधींच तिचीं पानें राणी व्हिक्टोरियानें मागवून घेतल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे.

कादंबरीचा नायक अमीर अली हा माफीचा साक्षीदार होऊन तुरुंगांत साहेबापुढें आपलें आयुष्य सांगत बसला आहे. त्याच्या हिशेबीं 719 माणसांचे जीव आहेत. पण कथेचा आरंभ पहा. पांच वर्षांचा एक मुलगा आईबापांबरोबर प्रवासास निघतो. एका गांवच्या बाजारांत एक देखणा, गोड बोलणारा मनुष्य त्याला मिठाई घेऊन देतो, खेळवितो, इतर पोरांच्या त्रासांतून सोडवितो. तो इस्माईल. त्याची व मुलाच्या बापाची ओळख वाढते. वाट धोक्याची आहे, सोबतीनें जाऊं, असें ठरतें. पुढें एके ठिकाणीं मुलाच्या आईबापांच्या गळ्याला रुमालाचा फांस बसतो. गणेशा नांवाचा ठग मुलालाही संपवूं पाहतो. इस्माईल त्याला हिसकावून घेतो, घरीं नेतो आणि आपला मुलगा म्हणून वाढवितो. त्या धक्क्यानें व तापानें मुलाला मागचें फारसें कांहीं आठवेनासें होतें.

ठग मुलांना पुष्कळदां मारीत नसत, घरीं नेऊन वाढवीत, हें स्लीमनच्या कागदपत्रांतही नमूद आहे. म्हणजे टेलरनें ही गोष्ट हवेंतून काढलेली नाहीं. वाटसरूशीं गोड बोलून त्याला जाळ्यांत ओढणारा जो असे त्याला त्यांच्या भाषेंत सोथा म्हणत. ‘तमाखू लाव’ अशा एखाद्या साध्या बोलण्यानें इशारा होई. म्हणजे त्या धंद्याचें हत्यार रुमाल नव्हतें, ओळख हें होतें. आणि दीक्षा गुळाची होती. देवीपुढें ठेवलेला गुळाचा खडा ज्यानें एकदां खाल्ला तो मग दुसऱ्या कशाचा राहत नाहीं, अशी त्यांची श्रद्धा होती. अमीर अली हा गूळ खातो तेव्हां तो वाढीस लागलेला, अभ्यास केलेला, बापाच्या पराक्रमाविषयीं अभिमान बाळगणारा तरुण झालेला असतो.

येथें आमच्या जिल्ह्यांतील वाचकांस एक गोष्ट टोंचेल, ती मलाही टोंचते. हे लोक भवानीचें नांव घेत, हिंदू व मुसलमान दोघेही घेत, आणि त्यांची कथा लिहिणारा गृहस्थ पुढें भवानीच्याच गांवावर अंमल करण्यास आला. पण दरवडेखोरानें देवाचें नांव घेतल्यानें देव त्याचा होत नाहीं. शिवाय ठगी हा केवळ देवीच्या नांवानें चालणारा एक पंथ होता, हें स्लीमनच्या वेळचें मत अलीकडील संशोधकांनीं बरेंच ढिलें केलें आहे. सैन्यांतून सुटलेले, पोटाला महाग झालेले लोक, त्यांना आसरा देऊन लुटींत वांटा घेणारे जमीनदार, आणि माफीसाठीं साहेबाला हवें तें सांगणारे साक्षीदार, हें सर्व त्या चित्रांत आतां धरावें लागतें. इतकें बोलून मी पुढें जातों. मुलालाही मीं हें इतकेंच सांगितलें आणि त्यानें तें ऐकलें नाहीं.

त्याला ऐकावयाचें होतें तें इस्माईलचें. इस्माईल वाईट बाप आहे काय? कादंबरी वाचून पाहा; तो उत्तम बाप आहे. तो मुलाला शिकवितो, जपतो, त्याच्यावर हात टाकीत नाहीं, त्याच्यासाठीं जीव धोक्यांत घालतो. आपलें मूल नसलेल्या माणसानें दुसऱ्याच्या मुलावर करावी तितकी माया तो करतो. ही माया खोटी असती तर कथा सोपी झाली असती. अमीर अलीनें ज्या दिवशीं हा मनुष्य खुनी आहे हें जाणलें त्या दिवशीं त्याला किळस आली नाहीं. आपल्यालाही त्यांच्यांत घ्यावें, इतकी योग्यता आपल्या अंगीं यावी, असें त्याला वाटलें. ज्या घरीं जेवलों त्या घरचा धंदा आपला, हा हिशेब त्यानें मांडला नाहीं. तो त्याच्या रक्तांत आपोआप मांडला गेला. पुढें जालौनच्या राजाच्या हातीं बापलेक सांपडतात, इस्माईलला हत्तीच्या पायीं दिलें जातें, आणि मरण्यापूर्वीं तो सांगतो कीं, मी तुझा बाप नव्हे. अमीर अलीच्या कपाळावर डाग देऊन त्याला सोडतात. घरीं येतो तों बायको मेलेली. आणि याहून वाईट असें एक त्याला शेवटीं कळतें: वाटेंत मारलेल्या अनेकांत त्याची सख्खी बहीण होती. खूण पटते ती गळ्यांतल्या एका जुन्या नाण्यावरून.

मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "म्हणजे त्यानं सगळ्यांचीं नांवं सांगून टाकलीं?" मीं म्हटलें, होय, माफीचा साक्षीदार म्हणजे तोच. ज्यांच्याबरोबर गूळ खाल्ला त्यांना फांसावर चढवून स्वतः जगला. जबलपुरास अशा साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलांना ठेवीत, तंबू व गालिचे विणावयास शिकवीत; बापाचा धंदा पोराकडे जाऊं नये हा त्यांत हेतु होता.

"मग हा तर फितूरच."

फितूर खरा, आणि खुनी टोळीशीं फितूर होणें हें पाप कीं पुण्य, याचा निर्णय अकरा वर्षांच्या मुलापुढें देण्याचें धैर्य मला झालें नाहीं. त्याऐवजीं मीं त्याला टेलरच्याच आयुष्यांतली दुसरी गोष्ट सांगितली. ती कादंबरींत नाहीं, घडलेली आहे.

नळदुर्गास येण्यापूर्वीं बारा वर्षें टेलर शोरापुरास होता. शोरापूर म्हणजे सुरपूर. आज तें कर्नाटकांत यादगीर जिल्ह्यांत आहे. तें बेडरांचें लहानसें संस्थान. राजा वारला, मुलगा व्यंकटप्पा नायक सात-आठ वर्षांचा, राणीचे व भाऊबंदांचे तंटे. तेव्हां 1841 मध्यें कारभार पाहण्यास टेलरला पाठविलें. बारा वर्षें त्यानें तो मुलगा वाढविला म्हटलें तरी चालेल. मुलगा त्याला ‘अप्पा’ म्हणे. कानडींत अप्पा म्हणजे बाप. वयांत आल्यावर 1853 मध्यें राज्य त्याच्या हवालीं करून टेलर आमच्या बाजूस आला.

पांच वर्षें गेलीं. 1858 च्या फेब्रुवारींत शोरापुरास लढाई झाली, एक इंग्रज कॅप्टन पडला, राजा निसटून हैद्राबादेस गेला आणि तेथें सांपडला. टेलर त्याला तुरुंगांत भेटावयास गेला. तेव्हां राजा तेविशी-चोविशींतला असेल. पायांत बेडी, आणि समोर अप्पा. त्याला बंडास कोणीं उठविलें तें सरकारला हवें होतें. नांवें दिलीं तर दया होण्याचा संभव होता. आपल्या लोकांचीं नांवें देऊन जीव विकत घेण्यास तो कबूल झाला नाहीं; तुरुंगांत कोंडून राहण्यापेक्षां मरण बरें, बेडरांतला हलक्यांतला हलकाही कैदेंत जगणार नाहीं, अशा अर्थाचें तो बोलला, असें टेलरनेंच लिहून ठेवलें आहे. टेलरनें त्याच्यासाठीं रदबदली केली. शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. चार वर्षांनीं राज्यही परत मिळण्याची आशा होती. चिंगलपेटच्या किल्ल्याकडे नेत असतां पहिल्याच मुक्कामांत पहाऱ्यावरील अधिकाऱ्याचें पिस्तूल हातीं आलें, आणि राजानें आपल्यावर गोळी झाडून घेतली. संस्थान खालसा झालें. (पत्रिकेवरून वर्तविलेल्या भाकिताचीही एक हकीकत या संबंधांत टेलरनें दिली आहे, ज्योतिषाची आवड असणाऱ्यांनीं ती मुळांत पाहावी, मी त्या वाटेस जात नाहीं.)

टेलर हा मुलगा विसरला नाहीं हें खरें. तितकेंच हेंही खरें कीं, अप्पा ज्या सरकारचा चाकर होता त्याच सरकारविरुद्ध मुलानें शस्त्र उचललें होतें, आणि त्या सरकारची चाकरी अप्पानें सोडली नाहीं. त्यानें मुलाला हिशेब, न्याय, कारभार हें सारें शिकविलें. ज्या घटकेला मुलाला आपलें घराणें व अप्पाचें सरकार यांतून एक निवडावयाचें होतें त्या घटकेला शिकविण्यासारखें अप्पाजवळ कांहीं नव्हतें. एकोणीस वर्षांपूर्वीं इस्माईल आणि अमीर अली यांची कथा लिहितांना पोसणारा आणि पोसलेला यांच्यांतील गांठ त्यानें इतकी नेमकी पकडली. तीच गांठ आपल्या गळ्याशीं येईल हें त्याला तेव्हां कसें ठाऊक असणार? 1876 सालीं फ्रान्सांत तो वारला. आत्मचरित्र त्याच्या मुलीनें पुढल्या वर्षीं छापविलें.

ऊन कलल्यावर आम्ही किल्ल्यावरून उतरलों आणि गांवांतून निघालों. वाटेंत ती गल्ली लागली. आमचें जुनें घर तेथें होतें. आतां त्या जागीं सिमेंटचें दुकान आहे. मी चाललों तसा थांबलों, आणि ही हकीकत, जी मीं घरांत आजवर कोणाला सांगितली नव्हती, ती त्या मुलाला सांगितली. येथें लिहितों आहें तें त्याला सांगितल्यावर लपविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणून.

माझे वडील मी चार वर्षांचा असतां गेले. आम्हांला चुलत्यांनीं वाढविलें. माझी मुंज, शाळा, पायांतल्या वहाणा, सगळें त्यांनीं केलें. स्वतःच्या मुलांच्या ताटांत आणि माझ्या ताटांत त्यांनीं कधीं वाटीचाही फरक केला नाहीं. घरीं थोडी सावकारी होती. गल्लीच्या टोंकाला एक शिंपी राही. त्याचा मुलगा माझ्या वर्गांत. आम्ही दोघे नदीवर, किल्ल्यावर, आंबराईंत, जेथें जाऊं नये तेथें एकत्र जात असूं. अर्नाळकरांचीं पुस्तकें तोच कोठून तरी आणी. मला मिळालेल्या छड्यांत निम्म्या त्याच्या वांट्याच्या होत्या.

त्याच्या वडिलांनीं बायकोची पुतळ्यांची माळ आमच्याकडे गहाण ठेविली होती. मी बारा वर्षांचा असतांना एका सायंकाळीं त्यांनीं ओसरीवर पैसे मोजून दिले. मी व तो मुलगा तेथेंच गोट्या खेळत होतों. चुलते म्हणाले, माळ आंत पेटींत आहे, किल्ली उद्यां देतों. त्या उद्यांचे पुढें दोन महिने झाले, आणि मग चुलते म्हणूं लागले कीं, पैसे व्याजांत गेले, मुद्दल तसेंच आहे. कागद नव्हता. गांवांतले चार शहाणे आमच्या ओसरीवर जमले. त्या मुलानें माझ्याकडे बोट केलें. म्हणाला, "हा होता तिथं. ह्यानं ऐकलंय. ह्याला विचारा."

मला विचारलें. चुलते माझ्याकडे पाहत नव्हते. डोळे वटारले असते, खूण केली असती, तर मी कदाचित् बोललों असतों; त्यांनीं तसें कांहीं केलें नाहीं. ते सुपारी कातरीत होते. आंतल्या दाराशीं माझी आई उभी होती, तिच्या हातांत त्या घरच्या पिठाची परात होती. मीं म्हटलें, "मला आठवत नाहीं."

त्या रात्रीं चुलत्यांनीं मला हांक मारली. जवळ बसविलें, डोक्यावरून हात फिरविला, कांहीं बोलले नाहींत. फडताळांतून गुळाचा एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. मीं तो खाल्ला. शिंपी वर्षाच्या आंत घर सोडून सोलापुरास गिरणींत गेला. जाण्याच्या दिवशीं मी गल्लीच्या तोंडाशीं उभा होतों. तो मुलगा सामानाच्या गाडींत पाठमोरा बसला होता. चुलते पुढें वीस वर्षें जगले. त्यांच्या आजारांत मीं त्यांची सेवा केली, ती मनापासून केली. त्यांना अग्नि दिला त्यांच्या मुलानें, पण रडलों जास्त तो मी. माळ कोणाच्या गळ्यांत गेली हें मला माहीत आहे.

मुलानें सगळें ऐकून घेतलें. अमीर अलीविषयीं विचारलें होतें तसें तो फितूर म्हणाला नाहीं, कीं दुसरें कांहीं म्हणाला नाहीं. बसस्थानकापर्यंत आम्ही मुकाट्यानें चाललों. बसमध्यें जागा मिळाल्यावर त्यानें विचारलें, "आबा, तुमचा तो मित्र अजून असेल का?"

मीं म्हटलें, असेल, माझ्याच वयाचा.

"मग?"

घरीं आल्यावर वहिनींनीं विचारलें, किल्ला दाखवलात का? मुलगा म्हणाला, दाखवला. पण पाणी नव्हतं. नंतर त्यानें बहादूरचे अंक पुन्हां क्रमानें लावले, त्यांतला पहिला माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि निजावयास गेला. सोलापुरांत त्या आडनांवाचीं शिंप्यांचीं घरें पुष्कळ आहेत. गेल्या महिन्यांत मी दोनदां जाऊन आलों. दुसऱ्या खेपेस एका म्हाताऱ्या बाईंनीं एक पेठ सांगितली आहे. माळेचें वजन सात तोळे होतें, हें मला चुलत्यांच्या वहींत सांपडलें. तें मीं वेगळ्या कागदावर उतरून घेतलें आहे. पुढल्या आठवड्यांत जावयाचें आहे, आणि मुलगा म्हणतो, तोही येणार.